सारीबेतच्या तुटणाऱ्या दोऱ्या

दोरी तुटली तेव्हा तिला कुणाचाही हात लागलेला नव्हता. हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकते, कारण मी स्वतः पाच पावलांवर उभी होते आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधलेली लोकरीची काळी-पांढरी दोरी, हातभर लांब. आधी तिचा एक पीळ उसवला, मग दुसरा, मग टक्कन आवाज झाला आणि दोन टोकं दोन खुंट्यांवर लोंबायला लागली. दोनशे माणसं एकदम गुडघ्यांवर आली. दोरी सोनूनची होती. ती ऊर बडवून रडायला लागली आणि झाडफूक करणारा झापार बाक्शी डोळे मिटून मान डोलवत राहिला, जणू हा डोंगर त्यानंच रचला होता.

“मोकळी झाली वाट,” तो म्हणाला. “माणसानं नाही कापली, डोंगरानं कापली. सोनून, तुझी गाय आता मरत नाही.”

“आणि आधी मेलेल्या दोन?” मी विचारलं.

“मुगालिम, शाळेत प्रश्न विचारायचे,” तो डोळे न उघडता म्हणाला. मुगालिम म्हणजे मी, गावातली शिक्षिका. लोक हसले. दोरी खरंच आपोआप तुटली होती आणि का तुटली ते मला त्या क्षणी सांगता येत नव्हतं.

आमच्याकडे मूल पहिलं पाऊल टाकायच्या बेताला आलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. मग पोरांची शर्यत लावतात आणि जिंकणारा ती दोरी सुरीनं कापतो. दोरी कापली की मुलाची आयुष्याची वाट मोकळी होते. माझीही कापली होती, माझ्या धाकट्या बहिणीची तर मी स्वतः कापली. इतका साधा, गोड विधी. झापारनं नेमका तोच उचलला. हा बाबा तीन वर्षांपूर्वीपर्यंत पलीकडच्या खोऱ्यात गुरांची औषधं विकायचा. यंदा मार्चअखेर तो आमच्या उतारावरच्या जुन्या मजारीपाशी येऊन बसला आणि सांगायला लागला की मोठ्या माणसांच्या पायांतही अदृश्य दोऱ्या असतात. आजार, वांझपण, न आलेला फोन, सगळ्या दोऱ्याच. आपल्या हातानं दोरी वळायची, झऱ्याच्या पाण्यात भिजवायची, इथं बांधायची आणि डोंगरानं कापायची वाट बघायची. अट एकच. दोरी तुटेपर्यंत एकही रात्र उताराखालून हलायचं नाही, नाहीतर मागणं फुकट.

त्या अटीनं माझी झोप उडवली होती, कारण माझी बहीण मारीपा त्याच उताराखाली राहत होती.

सारीबेत नदीच्या दोन काठांवर वसलंय. आमच्या काठाला खडक, शाळा आणि चारदोन घरं. पलीकडे मऊ पिवळ्या मातीचा उंच उतार आणि त्याच्या पायथ्याशी गावातली बाकी पन्नास घरं, कारण तिकडे गवत चांगलं आणि झरा दारात. मारीपाचं घर तर अगदी उताराला पाठ टेकून. तिचा नवरा कुबात रशियात बांधकामावर गेला होता. सात महिने त्याचा ना फोन, ना निरोप. घरात ती आणि दोन पोरं. एकोणीस दिवसांपूर्वी तिनं कुबातसाठी दोरी बांधली होती आणि ती काही तुटत नव्हती.

सोनूनचा सोहळा आटोपून मी तिच्याकडे गेले. दार ढकललं तर निम्म्यात अडलं.

“खांदा लाव, एजे,” ती आतून म्हणाली. थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात. “आठवडा झाला, असंच अडतंय. लाकूड फुगलंय.”

मी चौकटीकडे बघितलं. लाकूड फुगलं नव्हतं, चौकटच तिरकी झाली होती. चुलीमागच्या भिंतीत बोट जाईल एवढी चीर होती. तिनं माझ्यापुढे चहा ठेवला, तोही पिवळट.

“पाणी असं का?”

“झरा गढूळ झालाय. बाक्शी म्हणतो, डोंगर आपली पापं धुतोय.”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. अडणारं दार, चिरलेली भिंत, गढूळ झरा. सातवीच्या पुस्तकात ‘उतारांची हालचाल’ म्हणून दीड पानाचा धडा आहे. सव्वीस वर्षं मी तो शिकवतेय. दरवर्षी परीक्षेत विचारते, ‘दरड कोसळण्यापूर्वीची चार लक्षणं लिहा’, आणि चार लक्षणांना चार गुण देते. या सव्वीस वर्षांत एकदाही पोरांना घेऊन समोरच्या उतारावर चढले नव्हते. मला माझीच लाज वाटली.

“मारीपा, पोरांना घे आणि माझ्याकडे चल. आत्ता.”

“दोरी तुटल्यावर येते.”

“ती तुटायच्या आधी डोंगर तुटेल.”

“एजे, तुझा नवरा संध्याकाळी घरी येतो,” ती शांतपणे म्हणाली. “तुला काय कळणार?”

मी तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयाला फोन लावला. तिथला माणूस भला होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “बाई, घाटात दोन ठिकाणी रस्ता बंद आहे. गुरुवारच्या आत पोचत नाही आम्ही. तोवर लोकांना हलवा. काहीही करा, पण हलवा.” मग मी गावात घरोघर फिरले. कुणी हसलं, कुणी चहा पाजला. सोनून म्हणाली, “मुगालिम, माझी गाय उठून उभी राहिलीय. तुमच्या पुस्तकानं कधी गाय उठवलीय का?” जागचं मात्र कुणी हललं नाही.

तेव्हा मी पट्टी घेऊन मजारीवर गेले आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. दोऱ्यांच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत खुंट्यांच्या मधून लोकर दाबून केलेला एक लांबलचक जाड नमदा अंथरला होता. तो पवित्र. त्यावर पाय ठेवायचा नाही, त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक दोरीची एक खुंटी नमद्याच्या डोंगराकडच्या बाजूला, दुसरी गावाकडच्या. खालच्या रांगेत नमदा नव्हता, दोन्ही खुंट्या गावाकडच्याच बाजूला. तुटलेल्या दोऱ्या मी मोजल्या. एकतीस. सगळ्याच्या सगळ्या वरच्या रांगेतल्या. खालच्या रांगेतली एकही नाही.

“वरच्या रांगेत कोणाच्या दोऱ्या असतात?” मी झापारला विचारलं.

“ज्यांचं मन स्वच्छ.”

“आणि मन स्वच्छ आहे हे कशावरून कळतं?”

“मेंढी आणतात त्यावरून,” बाजूला बसलेले एर्गेश आजोबा म्हणाले आणि दाढीत हसले. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. त्यांचा विश्वास देवावर होता, झापारवर अर्धामुर्धा.

मारीपानं लोणी आणि रोट्या नेल्या होत्या. तिची दोरी खालच्या रांगेत.

मी खाली उतरले, माझी एकुलती एक मेंढी सोडली आणि तिला ओढत पुन्हा वर आणली. निम्म्या वाटेत ती बसली, मग तिला ढकलत आणली. एव्हाना बघायला गर्दी जमली होती.

“घ्या बाक्शी, माझं मन स्वच्छ झालं. आता माझी दोरी वरच्या रांगेत बांधा.”

त्यानं मेंढीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळ्या गावासमोर त्याला नाही म्हणता येईना. “डोंगर मन ओळखतो,” तो सूर लावून म्हणाला. “ही धरतीची नाभी आहे, मुगालिम. सात आकाशांची गाठ इथं बांधलीय. खोट्या माणसाची दोरी इथं शंभर वर्षं तुटत नाही. बोल, काय मागतेस?”

“माझं मागणं एवढंच,” मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “झापार बाक्शीच्या डोक्यावर बोकडाची दोन शिंगं उगवू देत.”

एर्गेश आजोबांना हसून ठसका लागला. झापार भडकला. हा मजारीचा अपमान आहे, डोंगर हिला बघून घेईल, ही दोरी तुटणं शक्य नाही, असं तो तीनतीनदा बोलून बसला. मला नेमकं तेच हवं होतं.

“मी बसतो राखणीला,” आजोबा म्हणाले. “इथंच अंगावर कोट घेऊन पडतो. ना ती हात लावणार, ना तुम्ही.”

मी दोरी भिजवून घट्ट ताणून बांधली आणि पट्टीनं खुंट्यांमधलं अंतर मोजलं. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. दिवसभर पाऊस पडत होता आणि वर बर्फ वितळत होतं. मी घरी परतले, पण माझं लक्ष कशातच लागेना. दोरी तुटू नये असं मला मनापासून वाटत होतं. माझं सगळं चुकीचं ठरावं, गावानं मला जन्मभर हसावं आणि बहिणीचं घर जागेवर राहावं.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी वर पोचले तेव्हा अंतर छप्पन्न होतं. दोरी इतकी ताणली गेली होती की बोट लावलं असतं तर वाजली असती. सगळे वाकून बघत होते. मग ती तुटली.

आणि मग दोनशे माणसांनी एकाच वेळी झापारच्या डोक्याकडे बघितलं.

त्याचा हात नकळत टोपीकडे गेला. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग आख्खी गर्दी हसली. महिनाभरात त्या उतारावर कुणी असं हसलं नव्हतं. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण एका दिवसात आठ सेंटिमीटर म्हणजे काय ते मला कळत होतं.

“काढा तो नमदा,” मी म्हणाले.

“हात लावाल तर हात झडतील,” झापार ओरडला.

मी नमद्याचं टोक धरलं आणि ओढलं. भिजून जड झाला होता, आजोबांनी दुसरं टोक धरलं. खाली भेग होती. वीतभर रुंद, नमद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुढे गवतातही गेलेली. गावाकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा वीतभर खाली बसली होती. मी एक दगड आत टाकला. तो तळाला लागल्याचा आवाज आलाच नाही.

“ही तुमची धरतीची नाभी,” मी म्हणाले. “दोरी डोंगर कापत नाही. एक खुंटी जागेवर आहे आणि दुसरी गावाच्या बाजूला सरकतेय. भेग रुंदावते, दोरी ताणते, तुटते. मागणं काहीही असो. शिंगं मागा, नाहीतर बाळ मागा. खालच्या रांगेच्या दोन्ही खुंट्या एकाच तुकड्यावर आहेत, दोन्ही मिळून सरकतात, म्हणून तिथली दोरी कधीच तुटत नाही. या बाबाला भेग माहीत होती. माहीत नसती तर झाकली कशाला असती?”

“पण का सरकतंय?” कुणीतरी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“ही पिवळी माती वाऱ्यानं आणून टाकलीय, हजारो वर्षं, थरावर थर. पिठासारखी बारीक. कोरडी असते तोवर भिंतीसारखी उभी राहते, तुम्ही त्यात तळघरं खोदता. पण बर्फाचं आणि पावसाचं पाणी तिच्यात सरळ मुरतं. खाली चिकणमातीचा थर आहे. त्यातून पाणी पुढे जात नाही, तिथंच साचतं, आणि तो थर साबणासारखा निसरडा होतो. मग वरचं सगळं ओझं त्यावरून घसरायला लागतं. वर भेग पडते, खाली दारं अडतात, भिंती चिरतात, झरा गढूळ होतो. कुणाकुणाची दारं अडतायत?”

हळूहळू हात वर झाले. मी मोजायचं सोडून दिलं.

मग पळापळ झाली. बायका पोरांच्या नावानं हाका मारत खाली धावल्या. त्या गडबडीत झापार कधी सटकला ते कुणी बघितलं नाही. मारीपा तेवढी जागची हलली नाही. ती खालच्या रांगेत आपल्या दोरीपाशी बसली होती.

“म्हणजे माझी कधी तुटणारच नव्हती,” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि तुटली असती तरी...”

“तरी काही नाही. कुबातचं या दोरीला काही माहीत नाही, मारीपा.”

“मग कोणाला माहीत आहे?”

“इथं कोणालाच नाही.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. “एकवीस दिवस,” ती म्हणाली, “सकाळी उठले की आधी इथं यायचे. दोरी बघायचे. आज नाही तर उद्या, असं वाटायचं. तू तेवढंही काढून घेतलंस.”

“हो, घेतलं.”

“आणि घर सोडलं आणि तो आला तर? त्याला कुठं सापडणार आम्ही?”

माझा संयम सुटला. मी तिचे दोन्ही खांदे धरले. “तो आला आणि घराच्या जागी माती असली तर? त्याच्या पोरांचं काय सांगू मी त्याला? तू चिडून बस, जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. पण पोरं मी घेऊन चाललेय, तुला विचारत नाहीये.”

आणि मी खरंच निघाले. थोरलीचा हात धरला, धाकट्याला काखेत मारलं, गाद्या नाहीत, भांडी नाहीत, सरळ पुलावर. पोरं आईसाठी आकांत करत होती. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. पूल अर्धा ओलांडल्यावर धाकट्याचं रडणं थांबलं, म्हणून मी वळले. मारीपा येत होती. हातात काहीच नव्हतं.

अंधार पडायच्या आत जवळजवळ सगळं गाव शाळेत आलं. एर्गेश आजोबा आले ते शेवटी, सोनूनच्या गाईला हाकत.

बुधवारी सकाळी पहिला तास चालू असताना आजोबा मला म्हणाले की ते मेंढ्यांचा गोठा उघडून येतात. जनावरं बांधलेली राहिलीत, पाच मिनिटांचं काम. मी म्हणाले, जाऊ नका. ते म्हणाले, “मुगालिम, त्यांना कुणी वाचून दाखवलंय का तुझं पुस्तक?” आणि गेले. त्यांचा मुलगा रात्रभर जागून तेव्हा झोपला होता. दहाला दहा कमी असताना पलीकडून एक घरघर आली. आम्ही खिडकीशी धावलो. उतार सावकाश निघाला, झाडं उभीच्या उभी घेऊन, आणि मग सावकाश राहिला नाही. मिनिटभरात सगळं संपलं. मारीपाचं घर, सोनूनचं घर, एकूण बावीस घरं. आजोबा सापडले नाहीत.

गुरुवारी मदतीचे तंबू आले, आणि दुपारी झापारही आला. मला आधी खरं वाटेना, पण अशा माणसांना लोकांच्या दुःखाची वेळ बरोबर कळते. तो तंबूंच्या मध्ये उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून बोलायला लागला.

“मी सांगितलं होतं. नमद्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. नमद्यानं डोंगर धरून ठेवला होता. ज्या हातांनी तो ओढला, त्याच हातांनी एर्गेशला मारलं.”

लोक रागानं त्याच्यावर धावून जातील असं मला वाटलं होतं. कुणी धावलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. घर गेलेला माणूस कारण शोधतो, आणि भेगेपेक्षा शिक्षिकेवर राग काढणं सोपं असतं. एर्गेश आजोबांचा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते. “मुगालिम,” तो म्हणाला, “तो नमदा राहू दिला असता तर...” निसरडा थर, मुरलेलं पाणी, सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. बापाचं प्रेत न मिळालेल्या माणसाला मी धडा कुठून सुरू करणार होते?

तेव्हा मारीपा उठली. मंगळवारपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“बाक्शी,” ती म्हणाली, “महिनाभर तुम्ही आमच्या गावात होतात. रात्री कुठं झोपायचात?”

झापारचे हात खाली आले. “देवाच्या माणसाला झोप कसली, पोरी?”

“मला माहीत आहे कुठं,” ती लोकांकडे वळून म्हणाली. “वरच्या रांगेत जागा मिळेल म्हणून रोज संध्याकाळी मी यांना जेवण पोचवत होते. पूल ओलांडून, खडकाच्या काठाला, जुन्या गिरणीत. एकही रात्र हे उताराखाली झोपले नाहीत. आम्हाला मात्र हलायचं नाही म्हणून अट घातली. माझ्या पोरांना तिथं झोपवलं. एर्गेश आजोबांना तिथं झोपवलं. नमदा डोंगर धरून होता ना? मग तुम्ही नमद्याखाली का नाही झोपलात?”

झापारनं तोंड उघडलं. महिनाभर ज्या तोंडातून सात आकाशं बाहेर पडत होती, त्यातून एक अक्षर निघेना. आजोबांचा मुलगा माझ्यासमोरून बाजूला झाला आणि त्याच्याकडे बघत राहिला. सोनून बसल्या जागी तोंड झाकून घेत म्हणाली, “मी स्वतः मेंढी दिली याला.” पोलिसांची गाडी संध्याकाळी आली. तोवर त्याला कुणी मारलं नाही, पण कुणी हलूही दिलं नाही.

कुबातचा फोन अजून आलेला नाही. मारीपा माझ्याकडेच राहते. तिला मी कसलीही खोटी आशा देत नाही आणि आता ती मागतही नाही. पोरं वाढतायत.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहत असाल तर दरवर्षी बर्फ वितळताना आणि पावसात स्वतः वर चढून जा. भेग दिसली, झाड कललं, दार अडलं, झरा गढूळ झाला, तर पोरांना घेऊन आधी निघा आणि मग विचार करत बसा. आणि तुमच्या गावात कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याला चमत्कार दाखवायला सांगू नका. तो तुम्हाला कुठं झोपायला सांगतो आणि स्वतः कुठं झोपतो, तेवढं विचारा.